आधी शाळेचं छप्पर

आयव्हन हे चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर आदळलं ते ७ सप्टेंबर २००४ रोजी. इर्माने बार्बुडाची धूळधाण केली ६ सप्टेंबर २०१७ ला, आणि त्याच महिन्यात मारिया १८ तारखेला डॉमिनिकावर, २० तारखेला पोर्तो रिकोवर चालून गेलं. डोरियनने बहामासमधल्या अबाको बेटांना गाठलं ते १ सप्टेंबर २०१९ ला. या तारखा एकाखाली एक मांडल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. अटलांटिकमधला वादळांचा हंगाम कागदोपत्री १ जून ते ३० नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा, पण त्यातला सगळ्यात जहाल काळ येतो तो या बेटांवरचं शाळेचं वर्ष नुकतं सुरू झालेलं असताना. पुस्तकांना अजून कव्हरंही घातलेली नसतात, तोच वर्गाचं छप्पर उडून जातं.

वादळ ओसरलं की मदतीला माणसं येतात. कुणी संस्थेतर्फे, कुणी चर्चतर्फे, कुणी नोकरीतली रजा टाकून स्वतःच्या पैशाने. ही माणसं यावीत की नाही, यावर बराच वाद घातला जातो. 'हौशी लोक चार भिंती रंगवून, फोटो काढून परत जातात' असं एक बाजू म्हणते, तर 'निदान येतात तरी' असं दुसरी. मला हा वाद निष्फळ वाटतो. त्यांनी यावंच. वादळानंतरच्या बेटावर हात कमीच पडतात. प्रश्न आहे तो त्यांनी कशासाठी राबायचं याचा.

माझ्या मते निकष एकच असावा: बेटावरची माणसं परत आली का, आणि येऊन तिथे टिकली का. किती घरं बांधून झाली, किती स्वयंसेवक येऊन गेले, किती तास काम झालं हे आकडे अहवालात छान दिसतात, पण घर बांधून झालं आणि त्यात राहणारं कुटुंब दुसऱ्या देशात कायमचं स्थिरावलं, तर त्या घराचा उपयोग काय? हा निकष मनापासून मानला तर कामाचा क्रम बदलतो, कुणाच्या हाताखाली काम करायचं ते बदलतं, कधी यायचं ते बदलतं. आणि 'हे राजकारण आहे, आपण यात पडायचं नाही' म्हणून बहुतेक स्वयंसेवक ज्याकडे पाठ फिरवतात, तो जमिनीचा प्रश्नही त्यांच्या कामाचा भाग होतो.

बेटावरून निघून जाणं आणि मोठ्या भूभागावरच्या एखाद्या गावातून निघून जाणं यात फार फरक आहे. गावचा माणूस जवळच्या शहरात आसरा घेतो, सुट्टीच्या दिवशी येऊन पडक्या भिंती बघून जातो, हळूहळू डागडुजी करतो. बेटावरच्या माणसाला त्यासाठी बोट किंवा विमान लागतं, तिकिटाचे पैसे लागतात, कधी व्हिसा लागतो. मुलांची नावं तिकडच्या शाळेत एकदा घातली, आईला तिकडे काम मिळालं, की परतीचा विचार वर्षावर ढकलला जातो आणि मग मागेच पडतो. पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटाची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत सुमारे ३७ लाख २६ हजार होती; २०२० मध्ये ती ३२ लाख ८६ हजारांवर आली. ही सगळी गळती मारियामुळे झाली असं म्हणता येणार नाही, आर्थिक घसरण आधीपासूनच चालू होती. पण आधीच पातळ होत चाललेल्या बेटाला वादळाने जो धक्का दिला, तो या आकड्यात आहेच.

संस्थाही निघून जातात. डॉमिनिकामध्ये पोर्ट्समथजवळ रॉस युनिव्हर्सिटीचं वैद्यकीय महाविद्यालय कित्येक दशकं चालत होतं. परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारे, डबे पुरवणारे, टॅक्सी चालवणारे, भाजी विकणारे अशा असंख्य घरांची चूल त्यावर पेटत होती. मारियानंतर महाविद्यालयाने वर्ग बाहेर हलवले आणि २०१८ मध्ये बार्बाडोसला कायमचं बस्तान हलवत असल्याचं जाहीर केलं. जेमतेम ७० हजार वस्तीच्या देशाला हा फटकाही खोल होता. मारियामुळे डॉमिनिकाचं झालेलं नुकसान आणि तोटा मिळून वर्षभराच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २२६ टक्के झाला होता, म्हणजे सव्वादोन वर्षांची कमाई एका रात्रीत वाहून गेली. आणि त्यानंतर कमाईचं एक मोठं साधनही उठून गेलं.

म्हणून मी शाळेपासून सुरुवात करतो. कोणत्याही कुटुंबाला परत यायचं की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न पडतो तो मुलांचा. घर अर्धवट असलं तरी माणसं तडजोड करतात. एका खोलीवर ताडपत्री टाकून चौघं झोपतात, पाणी बादल्यांनी आणतात, पण मुलांचं वर्ष बुडवायला सहसा तयार होत नाहीत. इर्मानंतर बार्बुडाची सगळीच्या सगळी वस्ती, सुमारे १,६०० माणसं, त्याच देशातल्या अँटिग्वा बेटावर हलवावी लागली, कारण मागोमाग होझे नावाचं दुसरं वादळ येत होतं. होझे बाजूने निघून गेलं. पण मुलं अँटिग्वातल्या शाळांत बसू लागली, आणि कॉड्रिंग्टन या बार्बुडाच्या एकुलत्या एका गावात शाळाच नाही म्हटल्यावर आया कशाच्या भरवशावर परतणार? पुरुष येऊन-जाऊन घरं साफ करत राहिले, कुटुंबं समुद्राच्या पलीकडे राहिली. पोर्तो रिकोत तर वादळाच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, पटसंख्या घटली म्हणून २८० हून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. पटसंख्या घटली होती हे खरं. पण शाळा बंद झाल्यावर त्या डोंगराळ वस्त्यांमध्ये परत कोण येणार होतं, याचं उत्तर त्या हिशेबात नव्हतं.

इथे एक पेच आहे आणि तो बाहेरून येणाऱ्यांच्या लवकर लक्षात येत नाही. या बेटांवर शाळा हाच वादळातला निवारा असतो. सिमेंटच्या भिंतींची, उंचावरची, मोठी इमारत म्हणून सरकार आधीपासूनच शाळा निवाऱ्यासाठी नेमून ठेवतं. वादळाच्या रात्री लोक तिथे येतात. वादळ जातं, पण त्यांची घरं गेलेली असतात, म्हणून ते तिथेच राहतात. आठवड्यांमागून आठवडे जातात. बाकं भिंतीला लावून ठेवलेली, वर्गाच्या मधोमध गाद्या, फळ्याला बांधलेल्या दोरीवर धुणं वाळत घातलेलं. शाळेची इमारत शाबूत असूनही शाळा भरत नाही. त्या माणसांना 'उठा, मुलांना शिकायचंय' असं कुठल्या तोंडाने सांगणार?

तेव्हा 'शाळा आधी' याचा अर्थ केवळ शाळेची इमारत आधी असा होत नाही. वर्गात गाद्या टाकून राहणाऱ्या कुटुंबांची घरं सर्वांत आधी छपराखाली यायला हवीत, भले ती रस्त्यापासून आत असोत, भले फोटोला चांगली दिसणारी नसोत. त्याच वेळी शिक्षकांचीही घरं. शिक्षकांच्या घराचा मुद्दा मी मुद्दाम काढतो, कारण मदतीच्या याद्यांमध्ये तो जवळपास कुठेच नसतो. शिक्षक हे पगारदार, म्हणजे 'गरजू' नव्हेत, असा एक समज असतो. पण वादळ पगार बघून छप्पर उडवत नाही. ज्या बाईंनी सकाळी आठ वाजता तीस मुलांसमोर उभं राहायचं, त्यांनी रात्र ओल्या गादीवर काढली असेल, किंवा त्यांनाच कॅनडातल्या बहिणीकडे जावं लागलं असेल, तर नव्या कोऱ्या वर्गखोल्या रिकाम्याच राहणार.

आता छपराकडे येतो, कारण या सगळ्या कामाचं मर्म तिथे आहे. वादळात घर कोसळतं असं आपण म्हणतो, पण बहुतेक घरं कोसळण्याआधी उघडी पडतात. वारा छपरावरून वेगाने जाताना ते वर ओढतो. वाऱ्याच्या बाजूची एखादी खिडकी फुटली की आत शिरलेली हवा तेच छप्पर खालून ढकलते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे १२० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेलं छप्पर २४० च्या वाऱ्यात टिकेल अशी कसलीच हमी नसते. आणि वादळाचा डोळा बेटावरून गेला, तर मध्ये थोडा वेळ सगळं शांत होऊन वारा उलट्या दिशेने सुरू होतो. पहिल्या अर्ध्यात ढिल्या झालेल्या बाजूला दुसऱ्या अर्ध्यात वेगळाच मार बसतो.

याला उपाय आहे, आणि तो बेटांवरच्या जुन्या सुतारांना ठाऊकही आहे. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर बरं, कारण त्याला वाऱ्यासमोर उभी सपाट बाजू उरत नाही. उतार साधारण ३० अंशांचा असावा. पागोळ्या फार बाहेर काढू नयेत. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवावं, म्हणजे ते उडालं तरी घराचं छप्पर सोबत नेणार नाही. पत्रा जाड असावा, तो खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने आवळावा, आणि कडेला व आढ्यापाशी स्क्रू जवळजवळ असावेत. सर्वांत महत्त्वाची ती वासा आणि भिंतीवरची तुळई यांना एकत्र जखडणारी वळवलेली लोखंडी पट्टी. पट्टी हाताच्या पंजाएवढी, किमतीला किरकोळ. छपरापासून पायापर्यंत प्रत्येक जोड असा बांधलेला असला तर वाऱ्याला छप्पर उचलायचं तर अख्खं घर उचलावं लागतं. ही पट्टी आत दडलेली राहते. छताला फळ्या मारल्या की ती आहे की नाही हे कुणालाच कळत नाही, पुढच्या वादळापर्यंत.

ग्रेनाडात आयव्हननंतर दुरुस्त केलेल्या छपरांपैकी काही १४ जुलै २००५ ला, म्हणजे दहाच महिन्यांत, एमिली वादळाने पुन्हा उडवली. घाईने ठोकलेलं छप्पर म्हणजे त्या कुटुंबाला दिलेली खोटी हमी. घाई कुणाला असते? पंधरा दिवसांनी विमान पकडायचं असलेल्याला. बेटावरच्या सुताराला ती नसते, कारण पुढच्या वादळात त्याला त्याच गावात राहायचं असतं आणि छप्पर उडालेल्या घरच्यांना तोंड दाखवायचं असतं.

म्हणून स्वयंसेवकाने स्थानिक मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी म्हणून काम करावं. यात कमीपणा नाही. मिस्त्रीने सांगितलेलं माप कापायचं, पत्रे वर चढवायचे, पट्ट्या वाकवून द्यायच्या, मलबा उपसायचा. समुद्राचं पाणी घरात शिरून गेलं असेल तर भिंतीवरचं बुरशी आलेलं आवरण खरवडून काढणं हे काम कंबर मोडणारं असतं, त्याला कौशल्य कमी आणि चिकाटी फार लागते. ते तर बाहेरच्या हातांनी करावंच. अबाकोत डोरियनच्या वेळी ताशी २९५ किलोमीटरचे वारे होते आणि समुद्र सहा मीटरहून उंच चढून आत आला होता. तिथला नुसता कचरा हटवायला कित्येक महिने लागले, आणि ते काम स्वयंसेवकांनी खरोखर मनापासून केलं. त्याचं मोल कमी लेखणं हा अन्याय होईल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. स्थानिक सुतारांचीही घरं गेलेली असतात. त्यांच्याकडे हत्यारं उरलेली नसतात. काही जण बेट सोडून गेलेले असतात. सगळं गाव एकाच वेळी छप्पर मागत असतं आणि मिस्त्री दहा-बारा. अशा वेळी 'स्थानिकांनाच काम द्या' हा आग्रह म्हणजे लोकांना आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली ठेवणं होईल. मला हे मान्य आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष असा की पहिल्या आठवड्यांत सुताराचंच घर आधी बांधा, त्याला हत्यारांची पेटी द्या, रोजचा मजुरीचा दर ठरवून द्या, आणि त्याच्या हाताखाली तुमचे दहा जण ठेवा. त्यासोबत गावातली दोन-तीन तरुण मुलंही ठेवा, पगारावर. तुम्ही गेल्यावर ती मुलं मिस्त्री होतील. दहा स्वयंसेवकांच्या गटाच्या प्रवासखर्चात बेटावरच्या एखाद्या कारागिराची बरीच मजुरी निघते. म्हणजे विमानाचं तिकीट काढणाऱ्याने तितकीच रक्कम मजुरीच्या खात्यात टाकणं, हे मला सक्तीचं असावंसं वाटतं. ती मजुरी गावातल्याच दुकानात खर्च होते, दुकान उघडं राहतं, आणि दुकान उघडं असलं तर परत येणाऱ्याला परत येण्याचं आणखी एक कारण मिळतं.

एकमेकांची घरं बांधण्याची रीत या बेटांना बाहेरच्यांनी शिकवावी अशी परिस्थितीही नाही. डॉमिनिका आणि सेंट लुशियात 'कूदमें', हैतीत 'कोंबीत', ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर 'मरून' अशा नावांनी सामूहिक श्रमाची परंपरा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे: सगळ्यांनी मिळून शेत नांगरायचं किंवा घर उभं करायचं, आणि ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. डोरियननंतर अबाकोत पहिल्या पोहोचलेल्यांमध्ये स्पॅनिश वेल्ससारख्या शेजारच्या बेटांवरचे मच्छीमार होते, स्वतःच्या बोटी घेऊन. १ जुलै २०२४ ला बेरिल ताशी २२० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे घेऊन कॅरियाकूवर आलं आणि शेजारच्या युनियन आयलंडवरची दहापैकी नऊ घरं मोडली, तेव्हा बेक्वेसारख्या बेटांवरून बोटी भरभरून सामान निघालं. ब्रुकलिन, टोरंटो आणि लंडनमधून नातेवाईक सामानाची पिंपं भरभरून पाठवत असतात, ती वेगळीच. परदेशी स्वयंसेवकाने या रांगेत आपली जागा शेवटची आहे हे समजून उभं राहावं. मोठ्या संस्था जेव्हा 'समुदायाला सक्षम करण्या'ची भाषा बोलतात, तेव्हा त्या समुदायाने आधीच उपसलेल्या कष्टांचा हिशेब कुठे धरलेला असतो?

वेळेचं गणितही उलटं लावायला हवं. पहिल्या महिन्यात सगळे येतात. बंदरं बंद, विमानतळ तुटलेला, पाणी नाही, आणि त्यात येणाऱ्या प्रत्येकाला खायला-झोपायला लागतं. त्या महिन्यात बेटाला डॉक्टर, वीजवाहिन्या जोडणारे, समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं चालवणारे आणि रोख पैसा हवा असतो. बाकीच्यांनी थांबावं. खरी गरज सुरू होते ती चौथ्या महिन्यात, जेव्हा बातम्यांमधून बेटाचं नाव गेलेलं असतं. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा जमैकाच्या नैऋत्य किनाऱ्यावर आलं. तिथपासून पुढच्या १ जूनपर्यंत सात महिने. एवढ्या वेळात जेवढी छपरं पट्ट्यांनी जखडून होतील तेवढी खरी. जी राहतील ती पुढचा हंगाम ताडपत्रीखाली काढतील. पोर्तो रिकोत तर मारियानंतर दोन वर्षं उलटली तरी हजारो घरांवर निळ्या ताडपत्र्या तशाच होत्या. त्या बेटावरच्या स्वयंसेवकांपैकी जे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी गेले, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

आणि आता जमीन. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

१८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपली, तेव्हापासून बार्बुडाच्या लोकांनी तिथली जमीन सामाईक म्हणून वापरली. घरासाठी जागा हवी तर मागायची, गुरं मोकळी सोडायची, विकायचं काही नाही. २००७ च्या कायद्याने या रिवाजावर शिक्कामोर्तब केलं. इर्मानंतर बेट रिकामं असताना अँटिग्वा आणि बार्बुडाच्या सरकारने हा कायदा बदलायला घेतला: पुनर्बांधणीसाठी बँकेचं कर्ज हवं, कर्जासाठी तारण हवं, तारणासाठी खाजगी मालकी हवी, असं त्यामागचं तर्कशास्त्र. त्याच काळात नव्या विमानतळासाठी जंगल तोडायला सुरुवात झाली आणि श्रीमंतांसाठीच्या आलिशान वसाहतींची कामंही पुढे सरकली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे या देशाच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२२ मध्ये निकाल बार्बुडाच्या लोकांच्या विरोधात लागला. सरकारचा तर्क संपूर्ण पोकळ आहे असं मी म्हणत नाही. कर्जाशिवाय सिमेंट येत नाही. पण मालक घरी नसताना त्याच्या जमिनीचे नियम बदलणं, याला न्याय म्हणता येत नाही.

अबाकोत मार्श हार्बरला मड नावाची वस्ती होती. हैतीतून आलेली माणसं, त्यांची तिथेच जन्मलेली मुलं, दाटीवाटीची लाकडी घरं. डोरियनने ती जमीनदोस्त केली. सरकारने तिथे पुन्हा बांधकाम करायला मनाई केली, बुलडोझर लावले, आणि कागदपत्रं नसलेल्यांची हद्दपारी काही आठवड्यांतच पुन्हा सुरू झाली. त्या बेटांवर बाहेरून आलेले शेकडो स्वयंसेवक घरं दुरुस्त करत होते. कुणाची? ज्यांच्याकडे मालकीचा कागद होता त्यांची. त्यात स्वयंसेवकांचा काही दोष नव्हता. परवानगीच तेवढी होती. पण बेटावरची सगळ्यात जास्त मोडलेली वस्ती यादीतच नसेल, तर यादी कोणी केली हे विचारणं प्रत्येक राबणाऱ्या हाताचं कर्तव्य होतं.

पोर्तो रिकोत हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. आजोबांनी बांधलेलं घर, तोंडी वाटणी, नोंदणी कधी झालीच नाही, अशी असंख्य कुटुंबं. अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेने, फेमाने, मालकी सिद्ध होत नाही म्हणून त्यांचे हजारो अर्ज फेटाळले. तेव्हा आयुदा लेगल पोर्तो रिकोसारख्या कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थांनी पाठपुरावा केला, आणि २०१८ मध्ये एक साधं प्रतिज्ञापत्र मालकीचा पुरावा म्हणून मान्य व्हावं इथपर्यंत मजल गेली. पुढे २०२१ मध्ये फेमाने आपले नियमच बदलले. मी या कामाला पुनर्बांधणीतलं सर्वोत्तम स्वयंसेवी काम म्हणतो. एका टेबलाशी बसून म्हाताऱ्या बाईंकडून 'हे घर माझं, मी इथे इतकी वर्षं राहते' एवढं लिहून घेणारी वकील मुलगी एका दिवसात जितकी छपरं परत मिळवून देऊ शकते, तितकी शंभर जण हातोडा घेऊन महिनाभरात बसवू शकणार नाहीत.

'पाहुण्याने घरच्या भांडणात पडू नये' असं मला कुणी सांगेल. सभ्यतेचा तो नियम एरवी ठीक आहे. पण पुनर्बांधणीत तटस्थ राहताच येत नाही. ज्या जागेवर तुम्ही खांब रोवता, ती जागा त्या कुटुंबाची आहे असं तुम्ही म्हणालेलाच असता. ज्या वस्तीत तुम्ही जात नाही, तिथल्या लोकांविषयीही तुम्ही काही तरी बोललेलाच असता. मग ते उघडपणे, विचारपूर्वक बोलावं. मोर्चे काढा असं माझं म्हणणं नाही. गावसभेला विचारा, भाडेकरूंची यादी वेगळी मागा, कागद नसलेल्या घरांसाठी वकिलाचा खर्च बांधकामाच्या खर्चातच धरा, आणि बेटाबाहेर गेलेल्या कुटुंबांना तिथे जाऊन विचारा की परत यायला काय लागेल.

त्या शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं फार ठोस असतील. शाळा कधी उघडते. दवाखान्यात नर्स आहे का. सासूबाईंची खोली खालच्या मजल्यावर होईल का. मुलाचं बोर्डाच्या परीक्षेचं वर्ष आहे, ते संपल्यावर आलो तर घर ठेवाल का. या प्रश्नांची वही घेऊन बेटावर उतरणारा गट मला हवा आहे. त्याच्याकडे हातोडे कमी असले तरी चालतील. गोळा केलेल्या निधीतली निम्मी रक्कम त्याने तिसऱ्या वर्षासाठी बाजूला ठेवलेली असावी, कारण खाऱ्या हवेत लोखंडी पट्ट्या गंजतात, स्क्रू सैल होतात, आणि शाळेच्या छपरावर दरवर्षी मे महिन्यात कुणाला तरी चढावं लागतं. त्या चढणाऱ्याचा पगार आजच ठरवून द्यायला हवा.